आयपी ब्लॉक भाड्याने घेताय? दराआधी रजिस्ट्री विचारा

भांडुपमध्ये आमचं छोटं इंटरनेट नेटवर्क आहे. सोसायट्या, दुकानं, काही सीएंची ऑफिसं. घरगुती ग्राहकांचं सीजीनॅटवर, म्हणजे अनेकांत मिळून वापरलेल्या एकाच पत्त्यावर, भागतं, पण ज्याला सोसायटीचे कॅमेरे बाहेरून बघायचे असतात किंवा ऑफिसचं व्हीपीएन चालवायचं असतं, त्याला स्टॅटिक आयपी, म्हणजे स्वतःचा न बदलणारा पत्ता, द्यावाच लागतो. एपनिक ही आशिया-पॅसिफिकची रजिस्ट्री, म्हणजे आयपी पत्ते वाटणारी संस्था. तिच्या नियमाने आता जास्तीत जास्त /२३ मिळतो, म्हणजे ५१२ पत्ते. आमचे ते संपले, म्हणून एका परदेशी दलाल कंपनीकडून /२४चा ब्लॉक, म्हणजे सलग २५६ पत्ते, वर्षाच्या कराराने भाड्याने घेतले.

आधी चांगलं सांगतो. ब्लॉक स्वच्छ होता. सही करण्यापूर्वीच त्यांनी स्पॅमच्या काळ्या यादीचा तपास दाखवला आणि आम्ही स्वतः पडताळला तेव्हाही तेच निघालं. पत्ते आमच्या नेटवर्कवरून जाहीर करायचं परवानगीपत्रही चटकन आलं.

घोळ झाला तो आरओएमध्ये, म्हणजे ब्लॉक कुठल्या नेटवर्कने जाहीर करायचा हे सांगणाऱ्या डिजिटल नोंदीत. त्यात आधीच्या भाडेकरूचाच एएसएन (नेटवर्कचा क्रमांक) राहिला होता. आम्ही ज्याच्याकडून इंटरनेट घेतो तो वरचा प्रोव्हायडर आरपीकेआय, म्हणजे याच नोंदींची यंत्रणा, तपासतो. त्याच्या राउटरला आमचा मार्ग 'इनव्हॅलिड' दिसला आणि त्याने तो सरळ टाकून दिला. आरओए फक्त मूळ धारकच, म्हणजे रजिस्ट्रीत ब्लॉक ज्याच्या नावावर आहे तोच, बदलू शकतो. आम्ही दलालाला मेल करायचा, दलालाने धारकाला, आणि शनिवार-रविवार कुणीच उत्तर देत नाही. तो दुरुस्त झाल्यावर लोकेशनची कटकट सुरू झाली. पत्ते नेदरलँड्समध्ये दिसत होते, त्यामुळे ग्राहकांची ओटीटी ॲप्स उघडेनात. फोन अर्थातच आम्हाला.

तरीही माझ्या मते दर, सपोर्ट हे सगळं नंतरचं. ब्लॉक कुठल्या रजिस्ट्रीचा आहे हे आधी बघा. आमचा राइपचा, म्हणजे युरोपकडच्या रजिस्ट्रीचा, होता आणि तिथे भाड्याने द्यायला बंदी नाही. एपनिक मात्र पत्ते गरज दाखवल्यावरच देतं, आणि 'भाड्याने द्यायचेत' ही गरज म्हणून धरली जात नाही. अमेरिकेच्या एरिनकडेही नुसते भाड्याने दिलेले पत्ते दाखवून आणखी मागता येत नाहीत. पत्ते कुणाच्या मालकीचे नसतात, ते नियम पाळण्याच्या अटीवर दिलेले असतात. धारकाने नियम मोडले आणि रजिस्ट्रीने ब्लॉक काढून घेतला, तर बंद पडेल ते तुमच्या ग्राहकाचं इंटरनेट. तेव्हा दलालाला धारकाचं नाव विचारा. त्याने टाळाटाळ केली तर तिथेच थांबा.

हूइजमध्ये, म्हणजे पत्ते कुणाकडे आहेत ते सांगणाऱ्या सार्वजनिक नोंदीत, स्वतःचं नाव लावून घ्याच. या कंपनीने ते केलं, पण मागे लागल्यावर. एखाद्या पत्त्याबद्दल सायबर पोलिसांनी चौकशी काढली, तर ते आधी हूइजमधलंच नाव बघतात. परदेशी धारकाकडून फिरत फिरत पत्र आमच्यापर्यंत येईतो लॉग शोधायला वेळ उरत नाही.

पाचपैकी तीन तारे. आरओए किती तासांत बदलून देणार हे करारात लिहून देत असतील, तर पुढच्या वर्षीही यांच्याकडूनच घेऊ. नव्या ग्राहकांना आयपीव्ही६, म्हणजे नव्या पिढीचे पत्ते, द्यायला आम्ही सुरुवात केली आहे, पण कॅमेऱ्यांचे जुने डीव्हीआर (रेकॉर्डर) त्यावर चालत नाहीत, तोवर हे भाडं भरणं आलंच.