ब्रिटिश कोलंबियाचे टपाली सार्वमत : पाकीट चोख, प्रश्न अपुरा

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१८ साली निवडणूक पद्धतीवर सार्वमत झाले आणि ते टपालाने घेतले गेले. मतदार म्हणून मला ही सेवा कशी वाटली, त्याविषयी हे परीक्षण आहे.

घरी आलेल्या लिफाफ्यात मतपत्रिका, ती झाकण्याचे आवरण, जन्मतारीख व स्वाक्षरीसाठी एक पाकीट आणि परतीचे पाकीट होते. मतपत्रिका आवरणात, आवरण स्वाक्षरीच्या पाकिटात आणि ते परतीच्या पाकिटात, हा क्रम एकदा वाचला की कुणाला विचारावे लागत नाही. मतपत्रिकेवर नाव नसते, ओळख पटते ती पाकिटावरून, त्यामुळे मत गुप्तच राहते. टपाल कर्मचाऱ्यांच्या संपामुळे मुदत ३० नोव्हेंबरवरून ७ डिसेंबरपर्यंत वाढवली, हेही योग्यच झाले.

माझी तक्रार आतल्या मजकुराविषयी आहे. पहिला प्रश्न सरळ होता : सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवार विजयी ही चालू पद्धत ठेवायची, की प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे पक्षांना मतांच्या प्रमाणात जागा, आणायचे? तो विचारणे गरजेचेच होते, कारण २०१७ मध्ये ग्रीन पक्षाला सुमारे १७ टक्के मते मिळूनही ८७ पैकी ३ च जागा मिळाल्या होत्या आणि २००१ मध्ये ५८ टक्क्यांच्या आत मते असलेल्या लिबरल पक्षाने ७९ पैकी ७७ जागा जिंकल्या होत्या. दुसऱ्या प्रश्नात तीन प्रमाणशीर पद्धतींना पसंतीक्रम द्यायचा होता. महाराष्ट्रात पदवीधर मतदारसंघाच्या मतपत्रिकेवर जांभळ्या पेनाने १, २, ३ लिहिलेल्या माणसाला क्रम लावणे अवघड नाही. अवघड होते ते कशाला क्रम लावतो आहोत हे समजणे. तीनपैकी दोन पद्धती तोवर जगात कुठेही वापरात नव्हत्या, आणि मतदारसंघांच्या सीमांसारखे महत्त्वाचे तपशील निकालानंतर ठरायचे होते. घराचा नकाशा न दाखवता बयाणा मागावा, तसे मला ते वाटले.

याच प्रांताने हे काम आधी अधिक चांगले केले होते, म्हणून वाईट वाटते. २००४ मध्ये चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या १६० सामान्य नागरिकांनी जवळपास वर्षभर अभ्यास करून एकच पद्धत सुचवली, आपल्या राज्यसभेच्या निवडणुकीसारखी एकल संक्रमणीय मताची, म्हणजे उमेदवारांना पसंतीक्रम द्यायचा आणि जादा किंवा वाया जाणारे मत पुढच्या पसंतीकडे जायचे अशी. २००५ च्या सार्वमतात तिला ५७.७ टक्के मते मिळाली. अट ६० टक्क्यांची होती, म्हणून ती अडली. २०१८ मध्ये निम्म्याहून एक मत अधिक पुरेसे होते, तरी ६१.३ टक्के लोकांनी चालू पद्धतच राखली आणि मतदान ४२.६ टक्क्यांवर थांबले. दुसऱ्या प्रश्नात मिश्र सदस्य पद्धत (काही प्रतिनिधी मतदारसंघातून, काही पक्षाच्या यादीतून) पहिली आली, पण तो कौल तेवढ्यापुरताच राहिला.

पोहोचवण्याच्या व्यवस्थेला मी पाचपैकी पाच गुण देतो, प्रश्नाच्या मांडणीला दोन.