डॉ. जेरुशा झिराड यांच्यावरील फलक : साताऱ्यातील एका छपाई दुकानाचे काम

राष्ट्रीय सुरक्षित मातृत्व दिन ११ एप्रिलला असतो. त्यासाठी आमच्या महिला मंडळाने मुंबईतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड यांच्या जीवनकार्यावर आठ माहितीफलक करून घेतले. हे काम साताऱ्यात राजवाड्याच्या बाजूला असलेल्या एका लहान छपाई दुकानाने केले. शाळांना, मंडळांना आणि आरोग्य केंद्रांना असे फलक नेहमीच लागतात. म्हणून या दुकानाविषयी सविस्तर लिहीत आहे.

आम्ही फ्लेक्स मागायला गेलो होतो. फ्लेक्स स्वस्त पडतो, पण त्याला घड्या पडतात आणि जवळून वाचताना बारीक अक्षर फुटलेले दिसते, हे मालकांनी नमुने समोर ठेवून दाखवले आणि सनबोर्डवर (फोमच्या हलक्या, ताठ पाटीवर) छापील व्हिनाईल म्हणजे प्लास्टिकचा पातळ थर चिकटवून वर मॅट, म्हणजे चमक नसलेले लॅमिनेशन करण्याचा सल्ला दिला. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइटचा उजेड पडला की ओळी वाचता येत नाहीत, हेही त्यांनीच सांगितले. खर्च वाढला, परंतु तो योग्य ठिकाणी झाला. डॉक्टरांचे जे एक जुने छायाचित्र आमच्याकडे होते, ते मोठे केल्यास चेहरा धूसर होईल म्हणून त्यांनी ते लहानच ठेवले आणि भोवती भरपूर मोकळी जागा सोडली. पहिल्या फलकाचा तो उजवा कोपरा फार सुरेख झाला आहे.

मात्र या दुकानाची खरी शिफारस मी करते ती तेथे डीटीपी, म्हणजे संगणकावर मजकुराची मांडणी करणाऱ्या मुलीसाठी. आलेला मजकूर नुसता चौकटीत न बसवता ती तो वाचते. आम्ही दिलेल्या मजकुरात पहिले तीन फलक पदव्या आणि सन्मान यांनीच भरले होते : १९१९ मध्ये लंडन विद्यापीठाची स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रातील एम.डी., १९४५ मध्ये एम.बी.ई. हा ब्रिटिश सन्मान, १९६६ मध्ये पद्मश्री. पहिले प्रूफ दाखवताना ती म्हणाली, "मॅडम, यांनी बायकांसाठी काय केलं ते चौथ्या फलकावर कळतंय. तिथवर कोण थांबणार?" तिचे म्हणणे आम्हाला पटले आणि सगळा क्रम बदलला.

आता फलकांची सुरुवात मुंबईतील मातामृत्यूंच्या चौकशीने होते. बाळंतपणात किंवा त्यानंतर स्त्रिया का दगावतात, याचा अभ्यास डॉ. झिराड यांनी १९३७-३८ च्या सुमारास मुंबई शहरात केला आणि त्याचा अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतिणीचे मरण नशिबावर ढकलण्याची रीत घराघरांत असताना त्या मरणाची कारणे शोधता येतात आणि शोधलीच पाहिजेत, असा आग्रह धरणे हे माझ्या मते सामाजिक न्यायाचेच काम होते. दुसऱ्या फलकावर मुंबईचे कामा रुग्णालय आहे. खास स्त्रिया व मुलांसाठी पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभे राहिलेले हे रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले आणि १९२८ पासून १९४७ पर्यंत त्याची धुरा डॉ. झिराड यांनी वाहिली. लहानपणी आपल्या बहिणीचा जीव याच रुग्णालयात वाचलेला त्यांनी पाहिला होता आणि डॉक्टर होण्याचा निश्चय तेव्हाच केला होता.

पुढच्या फलकांवर शिवमोग्गा येथील जन्म, पुण्यातील शालेय शिक्षण, ग्रँट मेडिकल कॉलेज आणि टाटांकडून कर्ज घेऊन केलेला लंडनचा प्रवास येतो. एका संपूर्ण फलकावर त्यांचा बेने इस्राएल हा ज्यू समाज आहे, आणि तो असावा असा माझा हट्ट होता. कोकणात शतकानुशतके राहिलेले, घरात मराठी बोलणारे, तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' म्हटले गेलेले हे लोक आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहेत. आनंदीबाई जोशी यांचे नाव शाळकरी मुलीही सांगतात. झिराड यांचे नाव आमच्या मंडळातील कोणीही ऐकलेले नव्हते. समाजातील स्त्रियांच्या मंडळासाठी झटणाऱ्या आणि १९२५ मध्ये मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन या ज्यूंच्या धार्मिक संस्थेच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या या बाईंना धर्म आणि रुग्णसेवा यांपैकी एकच निवडावे असे कधी वाटले नाही. तो फलक करताना मला त्यांच्याविषयी वाटणारा आदर अधिकच वाढला.

कार्यक्रमाला पाटण आणि जावळी तालुक्यांतून आशाताई आल्या होत्या. त्यांच्यापैकी एक ताई पहिल्या फलकावरची प्रत्येक ओळ बोटाने धरून वाचत होत्या. वाचून झाल्यावर शेजारणीला म्हणाल्या, "आपणपण बाई दगावली की घरी जाऊन विचारतो की, दवाखान्यात न्यायला उशीर का झाला, गाडी मिळाली का. हे या बाईंनी तवाच केलंय." मातामृत्यूच्या अन्वेषणात आज घरच्यांना हेच प्रश्न विचारले जातात. वीतभर उंचीचे शीर्षक आणि त्याखाली मोजका मजकूर ठेवल्यामुळेच त्यांना तो फलक उभ्याने, गर्दीत, चष्मा न लावता वाचता आला. याचे श्रेय दुकानाला दिलेच पाहिजे.

उणिवाही आहेत. लग्नसराईच्या पत्रिकांमुळे काम ठरल्यापेक्षा उशिरा हाती आले आणि आदल्या संध्याकाळपर्यंत आमचा जीव टांगणीला लागला होता. वाहतुकीसाठी कोपऱ्यांना पुठ्ठा न लावल्याने दोन फलकांच्या कडा दबल्या. दुकानाने तेवढे फलक विनामूल्य पुन्हा करून दिले. मूळ फाइल मागितल्याशिवाय देत नाहीत, म्हणून ती मिळेल असे ऑर्डर देतानाच बिलावर लिहून घ्यावे. जावळीतील एका आरोग्य केंद्राला हाच संच हवा आहे आणि तो याच दुकानात छापायला दिला आहे. या वेळी मुदत दिवाळीनंतरची ठेवली आहे.