मोरी विचारली तर मासे मिळाले : मालवणकडच्या एका होमस्टेचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच सांगतो, ५ पैकी साडेतीन. अर्धा मार्क पडवीने खाल्ला आणि एक त्या दारांवरच्या पाट्यांनी.

नाव लिहीत नाही, कारण माणसं चांगली आहेत आणि खाली थोडी तक्रार पण आहे. मालवणपासून आत, मातीच्या भिंतींचं जुनं घर, त्यातल्या चार खोल्या पाहुण्यांना देतात. मी कोल्हापूरचा, बायको जळगावची, सोबत माझी भावजय होती ती भंडाऱ्याची, म्हणजे घर एकच आणि त्याला नावं ठेवणारे तीन जिल्हे. (चांगल्या अर्थाने ठेवणारे.)

पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजलेले, बायको गाडीतून उतरल्या उतरल्या घरच्या आजींना म्हणाली, मोरी कुठंय हो, पाय धुवायचेत. आजींनी तिच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "मोरी आज गावली नाय ओ, बांगडे आसत, चलतले?" आम्हाला दोन मिनिटं काही कळेचना. तिकडे मोरी म्हणजे मासा, छोटा शार्क असतो तो, त्याचं मटणासारखं झणझणीत कालवण करतात. पाय धुवायचे तर न्हाणी म्हणायचं. आणि ती न्हाणी मागीलदारी, म्हणजे घराच्या मागच्या अंगाला, जिथलं सांडपाणी सरळ केळीच्या आणि अळवाच्या मुळाशी जातं. आमच्याकडे त्या मागच्या जागेला परडं म्हणतात, भावजय म्हणाली सांदवाडी, आणि आजी ते ऐकून "सांद काय, वाडी काय" करत हसत सुटल्या.

मग हा खेळच झाला तीन दिवस. पुढच्या बाजूला छपराखाली बसायची जी उघडी जागा असते ना, त्याला आजी लोटो म्हणतात, "बसा हयसर लोट्यार". मी म्हणालो हा तर आमचा सोपा. बायकोसाठी तो ओटा, आणि मग ओट्यावर बसून चहा घेऊ म्हणाली तर बाजूच्या खोलीतले पुण्याचे पाहुणे बघायलाच लागले, त्यांच्या डोक्यात ओटा म्हणजे गॅस ठेवायचा कडप्पा. भावजयीची सपरी. आणि त्याच्यापुढचं शेणाने सारवलेलं अंगण म्हणजे खळं, आमच्याकडे खळं असतं रानात, मळणीचं, घरापुढे नाही.

आता तक्रार. आजींचा मुलगा मुंबईत असतो, त्याने कुणाकडून तरी छान वारली चित्रं काढलेल्या लाकडी पाट्या करून प्रत्येक दारावर लावल्यात. लोट्यावर पाटी "दिवाणखाना", रांधायच्या खोलीवर "स्वयंपाकगृह", आणि "माजघर" ही पाटी कुठे, तर जिथे दोन बंक बेड टाकलेत त्या कोपऱ्यातल्या खोलीवर. अहो माजघर म्हणजे घराच्या मधलं, नावातच आहे ते! जो शब्द आजी दिवसातनं पन्नास वेळा उच्चारतात तो पाटीवर नाही आणि जो घरात कुणी बोलत नाही तो फ्रेममध्ये. खिडकीला त्या जनेल म्हणतात, पोर्तुगीजांचा शब्द आहे तो, गोव्यातही चालतो, त्याची एक पाटी लावली असती तर लोकांनी फोटो काढले असते. मुलाला फोनवर बोललो तर म्हणाला, पाहुण्यांना कळायला पाहिजे ना. पाहुण्यांना मोरी कुठे कळली होती.

पडवीचं तर विचारूच नका. वेबसाइटवर लिहिलंय "पारंपरिक पडवीत निवांत मुक्काम", फोटोत दिवा, गोधडी, एकदम झकास. प्रत्यक्षात मुख्य छप्पर उतरत जातं तसं पडवीत वासे खाली येतात, भिंतीकडेला मी (पाच फूट दहा) ताठ उभाच राहू शकत नाही. पहिल्या रात्री उठलो आणि कपाळ वाशावर, अजून टेंगूळ आहे. पडवी असतेच तशी, चूक घराची नाही, पण दोघांचे १८०० रुपये घेता तर उंची लिहा की राव.

त्याच रात्री पाऊस आला आणि उशीवर थेंब. आजी उठल्या, विजेरी घेतली, कोपऱ्यातली लांब काठी आणली, आतूनच एक नळा वर उचलून बोटभर पुढे ढकलला आणि गळायचं थांबलं. एका मिनिटात! नळे म्हणजे कुंभाराने केलेली अर्धगोल कौलं, वानरं नाचली की सरकतात, आणि दरवर्षी पावसाआधी सगळं छप्पर शाकारावं लागतं. पुढच्या अर्ध्या घरावर मंगलोरी कौलं आहेत, तसली कौलं १८६५ मध्ये बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनने मंगळूरला कारखाना काढला तेव्हापासून बनायला लागली, ती एकमेकांत अडकतात म्हणून तिथे गळत नाही. बायको सकाळी म्हणाली आमच्या आजोळच्या धाब्यावर असला पाऊस पडला असता तर घर विरघळलं असतं. खरंय, धाबं म्हणजे मातीचं सपाट छत, जळगावकडे वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, इथे सिंधुदुर्ग जिल्ह्यात सरासरी ३००० च्या आसपास. तिला धाब्यावर उन्हाळ्यात खाट टाकून झोपल्याचं आठवतं, आजींना छपरावर झोपायचं ही कल्पनाच झेपली नाही, "वर? नळ्यांर?" म्हणाल्या आणि कपाळाला हात लावला.

जेवणाला पूर्ण मार्क. चुलीच्या बाजूला वैलावर, म्हणजे त्याच चुलीच्या आचेवर तापणाऱ्या जोडतोंडावर, नुसता भात गरम राहतो, पण तो भात आणि तिरफळ हा कोकणी मसाला घातलेले बांगडे, बस. संडास बाथरूम स्वच्छ, नेटवर्क फक्त गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, चढल्यावर.

जाणार असाल तर फोनवर आजींनाच मागा आणि लोट्याला लागून असलेली खोली सांगा, "दिवाणखान्याजवळची" म्हणालात तर त्या मुलाला फोन देतील. आणि मोरी आदल्या दिवशी सांगून ठेवा, शेवटच्या दिवशी मिळाली आम्हाला.