रुबी : काट्याच्या हिशोबासाठी 5 पैकी 4 स्टार

आमच्या वणीकडं दिवाळीनंतर कापूस निघाला की जिनिंगच्या काट्यावर ट्रॅक्टरची लाईन लागते, भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, ओलाव्याची कपात, क्विंटलचा भाव, सगळे आकडेच आकडे. हा हिशोब मी आधी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिला होता, आता रुबी या दुसऱ्या भाषेत आणला, मशीन तेच जुनं 4 जीबीचं, लिनक्सवालं. जुन्या पावत्यांची बेरीज आता झटकन येते.

काहून, तर भाऊ, पायथनमध्ये साधा 1000 ठेवला तरी त्याचा मेमरीत वेगळा ऑब्जेक्ट (माहितीचा डबा) बनते, 28 बाइटचा, आन् लिस्टमध्ये त्याचा पत्ता 8 बाइटचा अलग. -5 ते 256 एवढेच आकडे तयार ठेवलेले असतात. रुबी आकडा पत्त्याच्याच जागेत बसवते. 64-बिटमध्ये ऑब्जेक्टचा पत्ता 8 च्या पटीत असते म्हणून खालचे 3 बिट शून्यच राहतात, तर सगळ्यात खालचा बिट 1 केला की समजायचं हा पत्ता नाही, आकडा आहे; या खुणेलाच टॅग म्हणतात. आयआरबी (रुबीची ओळ टाकून लगेच उत्तर पाहायची सोय) उघडून 5.object_id टाका, 11 येते, म्हणजे दुप्पट अधिक एक. मेमरीत शोधाशोध नाही आन् कचरा गोळा करणाऱ्यालाही (नको झालेले ऑब्जेक्ट मेमरीतून साफ करणारा भाग) काम कमी. रुबी 2.0 पासून बहुतेक दशांश आकडेही असेच बसतात, त्याले फ्लोनम म्हणतात, फारच मोठे नाहीतर फारच बारीक असले तरच बाहेर जातात.

फुकट मात्र काही नाही. प्रत्येक बेरजेत दोन्हीकडचा टॅग तपासा, उत्तर मावलं का पाहा, गुणाकारात तर बिट सरकवाही लागतात, म्हणून सी भाषेच्या बरोबरीची अपेक्षा ठेवू नका. पण मेमरीत चक्कर मारण्यापेक्षा ही तपासणी लय स्वस्त पडते, माझ्या मते हा सौदा आपल्या फायद्याचाच आहे.

एक स्टार कापला तो नावा-गावांसाठी. शेतकऱ्याचं नाव शोधायचं तर ती स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) आहे, तिथं टॅगचा काही उपयोग नाही, पत्त्यावर जावंच लागते.

आन् जुन्या 32-बिट मशीनवर टाकणार असाल तर थांबा. तिथं फ्लोनम नाही आन् पूर्णांक 1073741823 पर्यंतच पत्त्यात मावते. पैशात हिशोब ठेवला तर हे फक्त 1 कोटी 7 लाख रुपये झाले, जिनिंगचा सीझनचा टोटल सहज त्याच्या वर जाते. उत्तर चुकत नाही, बिग्नम (मेमरीत अलग ठेवलेला मोठा आकडा) बनते, पण स्पीड तिथंच जाते. 64-बिटच घ्या.