जुनी फोर बाय फोर आणि कॅराव्हॅन : अकरा महिने वापरल्यावर, एक क्लच जाळल्यावर

फेब्रुवारीत क्लच जळला नसता तर मी हे लिहायला बसलोच नसतो. कॅराव्हॅन नोव्हेंबर २०२४ मध्ये पुण्याहून सेकंडहँड आणली. ओढायला घरचीच २००६ ची डिझेल फोर बाय फोर, दोन लाख चौदा हजार किलोमीटर झालेली, पंधरा वर्षं भरली तेव्हा २०२१ मध्ये ग्रीन टॅक्स भरून पाच वर्षांचं रिन्यूअल करून घेतलेली. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, कारण जे झालं त्यात ब्रँडचा काहीच दोष नाही, त्या काळातल्या हाताने फिरवायचे हब (पुढची चाकं ड्राइव्हला जोडायचा किंवा सोडवायचा चाकाच्या मधोमधचा खटका) असलेल्या कुठल्याही गाडीला हे सगळं लागू आहे.

कॅराव्हॅन कशाला, हॉटेल काय कमी आहेत का, असं सगळ्यांनी विचारलं. आई अठ्ठ्याहत्तरची, दोन्ही गुडघे गेलेले, माहेर राजूर, अकोले तालुका. चार वर्षं ती तिकडे गेली नव्हती. "मला नको रे, मी घरीच बरी" म्हणायची. मग एकदा बायकोने सांगितलं की कुठेही निघायचं असलं की आई आदल्या दुपारपासून पाणी पिणं बंद करते, कारण रस्त्यावरच्या संडासात तिला बसता येत नाही आणि ते कुणाला सांगायची तिला लाज वाटते. ते ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं तेव्हापासून विषय डोक्यात होताच, पण खरं कारण हे. आत उंच कमोड, धरायला दोन्ही बाजूंना दांडे, बाकी काही नसतं तरी मी घेतली असती.

आता गाडीकडे येतो. रिकामी कॅराव्हॅन ७८० किलो, सामान भरून भिवंडीच्या वजनकाट्यावर ९३० भरली. गाडी तिच्यापेक्षा बरीच जड, त्यामुळे ओढायला काहीच त्रास नाही, डिझेलचा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, इंजिन हळू फिरत असतानाच मिळतो, तिसऱ्या गिअरमध्ये कसारा घाट चढते. नुसती गाडी साडेअकराचं अ‍ॅव्हरेज देते, मागे कॅराव्हॅन असली की पावणेआठ. खिशाला लागतं, पण चार माणसांच्या दोन रात्रींच्या हॉटेलच्या खोल्या लावून बघा.

पहिल्याच फेरीत डिसेंबरमध्ये शहापूरच्या अलीकडे पंचाहत्तरच्या स्पीडला मागून शेपूट हलवल्यासारखी कॅराव्हॅन डुलायला लागली. ब्रेक न मारता नुसता अ‍ॅक्सिलरेटर सोडला, स्टेअरिंग सरळ धरून ठेवलं, थांबली. हात थरथरत होते, आई मागच्या सीटवर जप करत होती. कारण साधं निघालं, साठ लिटरची पाण्याची टाकी मागच्या टोकाला आहे आणि मी ती घरून काठोकाठ भरून निघालो होतो, म्हणजे मागे साठ किलो, त्यामुळे पुढचं तोंड हलकं. घरी आल्यावर बाथरूमचा वजनकाटा आणि वर लाकडाचा ठोकळा लावून कॅराव्हॅन जिथे गाडीला जोडतो त्या हुकाच्या बॉलवर किती वजन येतं ते मोजलं, फक्त २८ किलो. भरलेल्या कॅराव्हॅनच्या पाच ते सात टक्के वजन तिथे यायला हवं, म्हणजे आपल्याला साधारण ४६ ते ६५. टाकी रिकामी ठेवून गॅस सिलिंडर आणि पाण्याचे कॅन पुढे घेतले तर ५८ आलं. त्यानंतर एकदाही डुललेली नाही. पाणी आता पोचल्यावरच भरतो.

हे एवढं सोडलं तर जानेवारीपर्यंत माझं मत असं होतं की फोर बाय फोरचा या कामाला काडीचा उपयोग नाही, नुसतं ओझं आणि जास्तीचा मेंटेनन्स, टू व्हील ड्राइव्ह घेतली असती तरी चाललं असतं. हे मत मी दोघातिघांना ठासून सांगितलंसुद्धा. ते आता पूर्ण मागे घेतो.

आमच्या सोसायटीत कॅराव्हॅनला मागच्या कोपऱ्यात जागा मिळाली, त्यासाठी कमिटीच्या दोन मीटिंग खर्ची पडल्या ते सोडा. तिथे जायला काँक्रीटचा चढ आहे, लांबी पंधरा मीटर असेल, आणि वर गेल्यावर लगेच काटकोनात वळण. कॅराव्हॅन मागे ठेवून तो चढ रिव्हर्समध्ये चढायचा. रिव्हर्स शिकायला फार वेळ लागला नाही, स्टेअरिंग खालून धरायचं, जिकडे कॅराव्हॅन जायला हवी तिकडे हात न्यायचा. अडचण स्पीडची. माझ्या गाडीत आयडलला, पाय सोडून, साध्या रिव्हर्समध्ये गाडी ताशी साडेसहा किलोमीटरने मागे जाते. चालणाऱ्या माणसापेक्षा जास्त. भिंत एक फुटावर, वॉचमनकाका टॉर्च घेऊन "आन द्या, आन द्या" करतायत, तेव्हा एवढा स्पीड चालत नाही, मग काय करणार, क्लच अर्धा दाबून गाडी धरून ठेवायची. दर वेळी दहा मिनिटं. फेब्रुवारीत एका रात्री साडेअकराला चढाच्या मध्यावर जळक्या चपलेसारखा वास आला, इंजिनचा रेव (फिरण्याचा वेग) वाढतोय आणि गाडी जागची हलत नाही. कॅराव्हॅनच्या चाकांना विटा लावल्या आणि सकाळपर्यंत सोसायटीचा रस्ता अडवून ठेवला. लोकांच्या गाड्या आत अडकल्या, एकाने माझ्या आईसमोर जे बोललं ते मी विसरणार नाही.

घोडबंदर रोडच्या एका मोठ्या वर्कशॉपने क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि फ्लायव्हील (क्लच ज्यावर घासतो ते जड चाक) फेस, म्हणजे घासून सपाट, करायचे मिळून साडेअठरा हजार घेतले. पाच आठवड्यांत पुन्हा तोच वास. गेलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "सर, एवढी जुनी गाडी आहे, विकून टाका." फ्लायव्हील खरंच फेस केलं का, जुने पार्ट कुठे आहेत, या दोन प्रश्नांना तीन फेऱ्या मारूनही उत्तर मिळालं नाही. मी आवाज चढवला, तेही चढले. वॉरंटी नाही म्हणाले, क्लच ही वापराने झिजणारी वस्तू आहे म्हणे. पाच आठवड्यांत?

एप्रिलमध्ये कळव्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली, आयुष्यभर जीप उघडलेला माणूस, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांनी गाडी उघडलीच नाही. म्हणाले, "आधी वझं दाखवा." सोसायटीत आले, कॅराव्हॅन सोडवून सपाटीवर घ्यायला लावली. पुढे दोघांनी ओढली तर सहज सरकली. मग हुकाकडून मागे ढकलायला सांगितलं, मी, पोरगा, वॉचमनकाका आणि अण्णांचा हेल्पर, चौघं, तरी ढिम्म. अण्णा नुसते बघत होते. मग म्हणाले, "साहेब, क्लचची चूक न्हाई, तुम्ही ब्रेक लावून रिव्हर्स घेताय."

झालं होतं असं. या कॅराव्हॅनला ओव्हररन ब्रेक आहे, गाडी हळू झाली की मागचं वजन हुकावर दाबतं आणि त्या दाबानेच कॅराव्हॅनचे ब्रेक लागतात. रिव्हर्समध्येही हुक दाबला जातोच, म्हणून चाकाच्या ब्रेक ड्रमच्या आत अशी सोय असते की चाक उलटं फिरलं की ब्रेकचा एक शू सरकून ब्रेक आपोआप सुटतो. माझ्या कॅराव्हॅनमध्ये तो भाग गंजून एका जागी घट्ट बसला होता. म्हणजे इतके महिने मी तो चढ अर्धवट ब्रेकवर चढवत होतो. ड्रम उघडून साफ करून घेतला, सरकणाऱ्या जागी ब्रेकचं खास ग्रीस लावलं, दोन्ही चाकांचे मिळून बावीसशे रुपये. वर्कशॉपवरचा राग त्यामुळे मी अर्धा सोडला, दुसऱ्यांदा आलेल्या वासात त्यांचा दोष नव्हता आणि हे मी त्यांना जाऊन सांगितलंसुद्धा. फ्लायव्हीलचे पैसे आणि जुने पार्ट यांचा राग मात्र आहे तो आहे. सेकंडहँड घेणाऱ्यांनी एवढं कराच, पैसे द्यायच्या आधी कॅराव्हॅन हाताने मागे ढकलून बघा.

आणि आता ज्यासाठी खरं लिहितोय ते. अण्णा निघताना पुढच्या चाकापाशी वाकले, हबवरचा गोल खटका बोटाने पुसला. चिखल आणि ग्रीसचा थर बसला होता, त्याखाली बाण आणि फ्री-लॉक ही अक्षरं. म्हणाले, "ह्यो फ्रीवरच राहू द्या आन् लो टाका."

लो म्हणजे फोर बाय फोरचा संथ, जास्त जोराचा गिअर. मी उलट म्हणालो की काँक्रीटवर लो टाकायचं नसतं, पुढची मागची चाकं एकमेकांना बांधली जातात, वळताना दोघांना वेगवेगळं अंतर जायचं असतं, मग सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो, स्टेअरिंग जड होतं. हे सगळ्यांना माहीत असतं आणि ते बरोबरच आहे, पण हब लॉक असतील तरच! हब फ्री असले तर पुढची चाकं नुसती गडगडत जातात, आत काही बांधलं जात नाही. म्हणजे लो चा गिअर मिळतो आणि ड्राइव्ह फक्त मागच्या चाकांना. ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सचा) लो साधारण अडीच पट संथ आहे, साडेसहाचा स्पीड एकदम अडीच किलोमीटरवर येतो. क्लच पूर्ण सोडलेला, पाय फक्त ब्रेकजवळ, अ‍ॅक्सिलरेटरला हातही लावायचा नाही, गाडी मुंगीसारखी मागे चढत जाते. पहिल्यांदा केलं तेव्हा मी खिडकीतून मान बाहेर काढून नुसतं कॅराव्हॅनचं चाक बघत राहिलो, चढावरची एकेक खाच ओलांडत चाललं होतं. दहा मिनिटांचं काम दोन मिनिटांत झालं, वास नाही, धूर नाही. एकोणीस वर्षं ही गाडी माझ्याकडे आहे आणि हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

एक सावधगिरी. लो चा सगळा जोर या वेळी एकट्या मागच्या अ‍ॅक्सलवर येतो, त्यामुळे झटका द्यायचा नाही, रेव मारायचा नाही, अडकलेली गाडी अशी उपसायची नाही. अडकलात तर खाली उतरून दोन्ही हब लॉक करा. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही काजव्यांसाठी भंडारदऱ्याला होतो, शेंडीजवळ रात्रीच्या पावसात कॅराव्हॅनची चाकं चिखलात बसली, तेव्हा लॉक करून लो मध्ये काढली. एकच प्रसंग, पाच मिनिटं.

म्हणून या कामासाठी जुनी गाडी शोधत असाल तर इंजिन, एसी, टचस्क्रीन नंतर बघा, पुढच्या चाकाच्या मधोमध हाताने फिरवायचा खटका आहे का ते आधी बघा. बटणावर आपोआप हब लागतात त्या गाड्यांमध्ये ही युक्ती चालत नाही, लो टाकला की हब लागतातच. नव्या गाडीवाला मित्र हसला मला, त्याच्या गाडीत चार कॅमेरे आहेत. असू देत, कॅमेऱ्याने स्पीड अडीचवर येत नाही.

बाकी पटकन. कसाऱ्यात मे महिन्यात टेम्परेचरचा काटा चढत होता, हीटर फुल लावून कसाबसा वर पोचलो, रेडिएटरचा फॅन इंजिनच्या जोरावर फिरवणारा व्हिस्कस क्लच सैल पडला होता, बदलल्यावर काटा मधे स्थिर. जून २०२५ पासून समृद्धीचा आमणे ते इगतपुरी टप्पा सुरू झालाय, घाट वाचतो, पण टोलचा हिशेब बघता मी अजून कसाऱ्यानेच जातो. कॅराव्हॅनच्या दिव्यांना गाडीतून वीज देणाऱ्या सात पिनच्या सॉकेटमध्ये पावसाचं पाणी गेलं की इंडिकेटरबरोबर टेल लॅम्पही लुकलुकतो, सॉकेट बदलू नका, आधी तीन नंबरची पांढरी वायर, म्हणजे अर्थिंगची, घासून घट्ट करा. कॅराव्हॅनला स्वतःचं आरसी आणि स्वतःचा नंबर लागतो, जुनी घेताना ते कागद नसतील तर कितीही स्वस्त मिळाली तरी सोडा.

आई या वर्षात तीनदा राजूरला गेली. पहिल्या वेळी मामाच्या अंगणात कॅराव्हॅन लावली, तीसुद्धा हब फ्री ठेवून लो मध्येच, कारण एका बाजूला तुळस होती आणि दुसऱ्या बाजूला गोठा. घाट चढायच्या आधी आईने बाटली मागून घेतली आणि निम्मी पाण्याची बाटली पिऊन टाकली.

सध्या उजव्या हबच्या खटक्यातून ग्रीस झिरपतंय, आतली रबरी रिंग पावसाळ्यात गेली. ठाण्यात मिळाली नाही, कुर्ल्याला सीएसटी रोडवर साठ रुपयांना जोडी मिळाली. रविवारी बसवतो, दिवाळीला परत राजूर आहे.