खुब्यातला ‘पू’ काढायचे १,४५,२०० रुपये

लाज वाटते, तरी लिहितोय. दादर स्टेशनच्या पुलावर कठडा धरून एकेक पायरी चढत होतो. मागून चांगल्या घरातला वाटणारा माणूस आला. “दादा, खुबा ना? माझ्या आईचं असंच होतं. आता गिरगावात तिसरा माळा रोज चढते.” मग आईला बरं करणाऱ्या ‘वैद्यजीं’चा नंबर दिला, दोन दिवसांत ते आमच्या घरी.

मी अडाणी नाही. २०२१ला कोविडमध्ये स्टेरॉइड द्यावं लागलं, त्याने जीव वाचला. नंतर जांघेत दुखायला लागलं, कळ गुडघ्यापर्यंत. मांडी घालता येईना, मोजे चढवता येईनात. एक्सरे स्वच्छ, एमआरआयमध्ये एव्हीएन: मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पोचत नाही, हाड मरत जातं. (असं दुखत असेल तर नुसत्या एक्सरेवर थांबू नका.) डॉक्टर म्हणाले, गोळा अजून खचलेला नाही, हाडाला छिद्र पाडून आतला दाब कमी करू, उशीर नको. ऑपरेशनला घाबरलो. त्या भीतीचाच फायदा घेतला गेला.

वैद्यजी म्हणाले, खुब्यात पू साठलाय, तो काढायचा. ब्लेडने मांडीच्या बाहेरच्या बाजूला चिरे, तांब्याची नळी, तोंडाने ओढायचं आणि वाटीत पिवळे थेंब टाकायचे. थेंबाला १,२०० रुपये. मोजणारा तोच. १२१ थेंब.

बायको दारातूनच म्हणाली, “अहो, एवढा पू असता तर ताप नसता आला?” मी तिला गप्प बसवलं. तिथेच उठायला हवं होतं! दुखणं जांघेत, तो कापतोय बाहेरून, तेही कातडीपुरतं. खुब्याचा सांधा स्नायूंच्या किती खाली असतो. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत पाय आत वळवून पाहिला होता, तो वळतच नव्हता. या माणसाने माझा पाय एकदाही हलवून पाहिला नाही.

४५,२०० रोख, एक लाख यूपीआयने. वर राखाडी पुड्या. त्यांनी बरं वाटलं म्हणून तीन महिने गेले. असल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळतात, हे डॉक्टरांकडून नंतर कळलं. ज्याने हाड मेलं तेच मी पाण्याबरोबर घेत होतो की काय, या विचाराने झोप लागत नाही. वैद्य म्हणवतो त्याच्याकडे आधी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक मागा.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “पैसे तुम्हीच दिलेत ना?” मग, ओळख दादरला झाली, तिकडे जा. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हा कायदा मी त्यांना सांगायचा? दोन तास बाकावर बसवलं, ज्याला दहा मिनिटं बसवत नाही त्याला! शेवटी साधा अर्ज घेतला, एफआयआर नाही. बँक म्हणते पिन तुम्ही टाकलात. हेल्पलाइनवर म्हणाले, समोरासमोर दिलेत, हे ऑनलाइनमध्ये येत नाही.

रस्त्यात तुमची चाल बघून जो आजार ओळखतो त्याच्याशी एक शब्द बोलू नका.

आता गोळा खचलाय, पाय आखूड झालाय. पूर्ण खुबा बदलायचा आहे. अर्जाला सात आठवडे झाले. लाख रुपये ज्या खात्यात गेले त्याचं नाव माझ्या मोबाइलवर अजून दिसतंय. ठाण्यात दोनदा दाखवलं. कुणी लिहूनसुद्धा घेतलं नाही.