लेजर नॅनो एस प्लस घ्यावं का?
२०२४ ला वझीरएक्स हे क्रिप्टो एक्सचेंज (बिटकॉइनसारखे कॉइन घ्यायची-विकायची साइट) हॅक झालं तेव्हापासून एक्सचेंजवर कॉइन ठेवायला नको वाटायचं, म्हणून कॉइनच्या गुप्त चाव्या स्वतःजवळ ठेवायचं हे छोटं डिव्हाइस (हार्डवेअर वॉलेट) घेतलं. दिसायला पेनड्राइव्हच, बॅटरी नाही ब्लूटूथ नाही, केबल लावली की चालू. सेटअपला २४ शब्द त्याच्याच स्क्रीनवर येतात ते कागदावरच लिहा, फोटोबिटो अजिबात काढू नका, पिन ३ वेळा चुकला की डिव्हाइस कोरं होतं मग कॉइन परत मिळवायला हेच शब्द कामाला येतात. बॅलन्स लेजरच्या ॲपमध्ये दिसतो, पण कॉइन पाठवताना ॲड्रेस त्या एवढ्याशा स्क्रीनवर सरकवत सरकवत वाचायचा न् दोन्ही बटणं एकदम दाबायची, कंटाळा येतो पण खरी सेफ्टी तिथंच आहे राव. आयफोनवाल्यांनो, हे तुमच्या फोनला चालत नाही, अँड्रॉइड नाहीतर कॉम्प्युटर लागतो.